दीड-दोन वर्षांचं मूल जेवायला खळखळ करतं तेव्हा

पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाचं वजन जन्माच्या वेळेपेक्षा साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते, आणि याच वयात नव्या पदार्थाची धास्ती वाटायला लागते. काल आवडीनं खाल्लेला भोपळा आज थुंकून टाकणं त्यामुळेच घडतं. ताटात काय वाढायचं, कधी आणि कुठे बसवायचं, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं, हे मुलाला ठरवू द्यावं.

आधी दूध मोजा. दिवसभरात 350 ते 500 मिली पुरेसं आहे. बाटलीनं लिटरभर दूध पिणारं मूल जेवणार कसं? शिवाय दुधात लोह नगण्य असतं आणि जास्त दुधामुळे ते शरीराला मिळतही कमी. रक्त कमी झालं की भूक आणखी मंदावते. म्हणून बाटली बंद करून पेला द्या, तोही जेवणाच्या तोंडावर नको.

मग वेळा बांधा. सकाळी 8 ला नाश्ता, साडेदहाला फळ, 1 ला जेवण, झोप झाल्यावर 4 ला खाऊ, साडेसातला जेवण. मधल्या वेळात फक्त पाणी. बारा वाजता हातात दिलेली दोन बिस्किटं एकचं जेवण बुडवतात, हे आजी-आजोबांनाही प्रेमानं समजावून सांगा. एक जण नियम पाळतो आणि दुसरा मोडतो, अशा घरात काहीच टिकत नाही.

वाढताना वयाच्या दर वर्षाला प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा, असा अंदाज धरा. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे मऊ भात, दोन चमचे वरण, वर तूप. भाजी सुरुवातीला चमचाभरच. हवं असेल तर ते पुन्हा मागेल. भरलेलं ताट बघूनच मूल मान फिरवतं.

नवी भाजी एकटी वाढू नका, ओळखीच्या पदार्थाशेजारी ठेवा. लाल भोपळा घ्या. पहिल्या दिवशी बोटाएवढी उकडलेली फोड वरणभाताच्या कडेला ठेवा आणि त्याबद्दल बोलूच नका. मूल ती चिवडेल, वास घेईल, चाटून परत ठेवेल. हीसुद्धा प्रगतीच आहे. दोन-तीन दिवसांनी तशीच ताजी फोड तुपात जिऱ्यावर परतून द्या, मग थालिपिठात किसून, मग दह्यातलं भरीत. चव पटायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही लागतात, आणि बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळीच ‘याला भोपळा आवडत नाही’ असा शिक्का बसतो. पिठात भाजी लपवायला हरकत नाही, पण लपवलेल्या भाजीशी मुलाची ओळख होत नाही. शेजारी दिसेल अशी एक फोड हवीच.

जेवण 20 ते 30 मिनिटांत आटपा. खाली सगळ्यांबरोबर बसवा, हातानं खाऊ द्या, सांडू द्या. मोबाइल दाखवून भरवलेला घास पोटात जातो खरा, पण पोट भरल्याची जाणीव मुलाला होत नाही. मागे धावून भरवणं किंवा नाक दाबून घास कोंबणं तर अजिबात नको, त्यानं ताट दिसलं की रडं सुरू होतं. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ म्हटलं की भाजी शिक्षा ठरते.

लोहासाठी डाळी, मेथी, अळीव, अंडं, मासे, मटणाचा खिमा द्या. वरणात लिंबू पिळलं तर डाळीतलं लोह चांगलं शोषलं जातं. चहानं उलटं होतं, म्हणून चहा-बिस्किट मुलांना नकोच. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं घशात अडकतात. दाण्याचं कूट करा, द्राक्षं उभी चिरा.

मूल माती किंवा भिंतीचा चुना खात असेल, वजन घटत असेल, घास गिळताना ठसका लागत असेल, शी कडक होत असेल किंवा पदार्थांची यादी आक्रसत चालली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. टॉनिक स्वतःच्या मनानं सुरू करू नका. रक्त तपासून गरज असेल तर डॉक्टर लोहाचं औषध देतील. जंताचं औषध वर्षाच्या पुढच्या मुलांना अंगणवाडीत मिळतं.