आठ पात्रं, चौदा आठवडे

एका छोट्या टीमच्या फायटिंग गेमच्या प्रसिद्धीचं काम मी बघते. कुठलं पात्र कधी दाखवायचं हे ठरवायला बसले की आधी लाँचची तारीख लिहिते आणि तिथून मागे मोजत येते. उलट केलं, म्हणजे जे पात्र तयार झालं ते दाखवत सुटलं, की ऐन शेवटच्या महिन्यात हात रिकामे.

मागे मोजताना शेवटचे चार आठवडे नव्या पात्रांसाठी बंद. त्या दिवसांत परीक्षणं, स्ट्रीम, किंमत, सर्व्हरच्या सूचना असं सगळं एकदम येतं. त्या गर्दीत नवा चेहरा हरवतो. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ हा फायटिंग गेम ७ डिसेंबर २०१८ रोजी आला, पण त्यातली केन आणि इन्सिनरोअर ही पात्रं १ नोव्हेंबरलाच दाखवून झाली होती. लोकांना आपला खेळाडू निवडायला, त्यावर भांडायला वेळ मिळाला. ते भांडण आपल्याला हवंच असतं.

आठ पात्रांचा माझा हिशेब असा: चौदाव्या आठवड्यात पहिला ट्रेलर, त्यात तिघं एकत्र. मग अकराव्या, नवव्या, सातव्या आणि पाचव्या आठवड्यात एकेक. आठव्याबद्दल शेवटी सांगते. स्टोअर पेज, म्हणजे ऑनलाइन दुकानातलं गेमचं पान, पहिल्या ट्रेलरच्या आधी सुरू झालेलंच हवं, कारण ट्रेलर पाहून आलेल्या माणसाला विशलिस्टचं, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीचं, बटण दिसलं नाही तर तो परत येईल याची खात्री नाही. सातवा आठवडा डेमोचा, म्हणजे गेमचा थोडा भाग फुकट खेळू देण्याचा. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या नेक्स्ट फेस्ट या डेमोंच्या उत्सवात एका गेमला एकदाच भाग घेता येतो, म्हणून त्याची तारीख आधी बघा आणि बाकीचे आठवडे तिच्याभोवती सरकवा. त्या आठवड्यात दाखवलेलं पात्र डेमोत खेळता आलंच पाहिजे.

पहिल्या तिघांत सगळ्यात देखणं पात्र नको. गेम खेळायला कसा आहे हे ज्यांच्या हालचालीतून कळतं, ते तिघं घ्या: एक जड, एक चपळ, एक लांबून मारा करणारा. लोक ज्याची वाट बघत असतात तो मधल्या टप्प्यात येऊ द्या, कारण पहिला उत्साह तिथेच ओसरतो.

आणि त्याला आणताना घाई करू नका. त्याच स्मॅश ब्रदर्समधल्या किंग के. रूलचा ८ ऑगस्ट २०१८ चा ट्रेलर मी टीममधल्या प्रत्येकाला दाखवते. चाहते त्याला वर्षानुवर्षं मागत होते. आधी नुसती काळी आकृती दिसते, लोक ओरडतात, आणि निघतो वेषांतर केलेला किंग डीडीडी, म्हणजे भलतंच पात्र. तो हसत असतानाच खरा के. रूल येऊन त्याला उडवून लावतो. एका ट्रेलरमध्ये आशा, निराशा आणि आनंद, तिन्ही. थांबवून धरणं म्हणजे हे, आणि ते काही सेकंदांचं असतं.

महिन्यांचं झालं की लोक कंटाळतात. ‘ओव्हरवॉच’ या गेममधल्या सोम्ब्रा या नव्या पात्राची झलक देणारी कोडी २०१६ मध्ये काही महिने चालली, ४ नोव्हेंबरला ती अधिकृतपणे जाहीर झाली तोवर बरेच जण वैतागले होते. झलक आणि पूर्ण ट्रेलर यांत मी तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर ठेवत नाही.

आता फुटण्याबद्दल, म्हणजे पात्र वेळेआधीच बाहेर कळण्याबद्दल. आमच्या पहिल्या गेमच्या डेमोत सातव्या पात्राचं चित्र राहून गेलं होतं, फाइलला त्याचं खरं नाव. संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे फिरलं. आम्ही घाबरून दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धवट ट्रेलर टाकला. ठोसा बसायचा आणि आवाज मागाहून यायचा. लोकांनी पात्र सोडून तेवढंच पकडलं. त्या पात्रावर वर्षभर खपलेल्या अॅनिमेटरचा चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून पहिला ट्रेलर दाखवण्याआधीच सगळे ट्रेलर पूर्ण करून ठेवते. बाहेर जाणाऱ्या बिल्डमधून, म्हणजे गेमच्या प्रतीतून, न दाखवलेल्या पात्रांच्या फाइली काढायच्या, आत टोपणनावं वापरायची. तरीही फुटलंच, तर वेळापत्रक हलवायचं नाही. ‘स्ट्रीट फायटर ६’ची पात्रं जून २०२२ मध्ये चित्रांसकट फुटली. तो गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने ते सरळ मान्य केलं, चाहत्यांचे आभार मानले आणि पुढची पात्रं आपल्या वेळेनेच दाखवली. चित्र फुटलं तरी पात्र लढतं कसं, ते कुणी पाहिलेलं नसतं.

राहिलं आठवं. ते मी लाँचपर्यंत दाखवतच नाही, पण ते जास्तीचं असावं. ‘मेटल गिअर सॉलिड २’ या गेममध्ये आधीच्या नायकाऐवजी येणारा रायडन लपवून ठेवला होता आणि बहुतेक खेळ त्याच्याच हाती होता, २००१ मध्ये अनेक चाहते त्यामुळे चिडले. ज्याच्यासाठी पैसे मोजले तोच बदलला, असं कुणाला वाटता कामा नये.

आमचं आठवं पात्र लाँचच्या पहिल्याच रात्री एका खेळणारीला सापडलं. तिच्या क्लिपमध्ये तिची किंचाळी आहे आणि मग बराच वेळ नुसतं हसू. आम्ही तिसऱ्या दिवसासाठी ट्रेलर तयार ठेवला होता. तो बाजूला ठेवला आणि तिला विचारून तिचीच क्लिप आमच्या पानावर लावली.