स्टॅक्सच्या रेकॉर्डी जमवायच्या तर आधी लेबल वाचायला शिका

सोल-फंक या अमेरिकन संगीताच्या रेकॉर्डी जमवायच्यात, सुरुवात कुठून करू, असं जळगाव-भुसावळकडची पोरं विचारतात तेव्हा मी एकच सांगतो, सगळं गोळा करायला जाऊ नका ना भो, एक लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी एक कंपनी, धरा आणि तेच नीट ओळखायला शिका. मी अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचं स्टॅक्स धरलं. १९५७ला जिम स्टुअर्टने सॅटेलाइट नावाने चालू केलं, मग बहीण एस्टेल ॲक्स्टन आली आणि १९६१ला दोघांच्या आडनावांची सुरुवात जोडून स्टॅक्स झालं. स्टुडिओ एका बंद पडलेल्या टॉकीजमध्ये, खुर्च्या काढल्या पण जमिनीचा उतार तसाच राहिला, म्हणून तिथल्या आवाजाला वेगळाच भरदारपणा आहे, अल जॅक्सनचा ड्रम ऐकला की लगेच कळतं.

आता मुद्द्याचं. रेकॉर्ड हातात आली की आधी मधला कागद बघा, त्यालाही लेबलच म्हणतात. निळा असेल, एकावर एक रचलेल्या रेकॉर्डींचं चित्र असेल, तर तो १९६८च्या आधीचा काळ, म्हणजे माल ॲटलांटिक कंपनी विकायची तेव्हाचा. पिवळा आणि चुटकी वाजवणारा हात असेल तर १९६८ नंतरचा. हा रंग हौस म्हणून बदलला नाही. १० डिसेंबर १९६७ला स्टॅक्सचा गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला, पुढच्या वर्षी ॲटलांटिकशी करार तुटला, आणि तेव्हा कळलं की जुन्या सगळ्या मास्टर टेपा, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, करारानुसार ॲटलांटिकच्याच आहेत. स्वतःचीच गाणी हातातून गेली! मग रेकॉर्डींचे नंबर परत ०००१पासून सुरू केले आणि १९६९ला कंपनीचा कारभार बघणाऱ्या अल बेलने एकदम २७ अल्बम बाजारात आणले. हे लक्षात राहिलं की निळं लेबल हातात घेताना वेगळंच वाटतं, मला तर अजून वाटतं.

नुसतं 'स्टॅक्स' शोधत बसू नका, ओटिस सापडेल व्होल्टवर आणि गायक आयझॅक हेज एंटरप्राइजवर, दोन्ही याच घरची लेबलं. बुकर टी अँड द एमजीज या स्टॅक्सच्याच बँडचं ग्रीन अनियन्स १९६२ला आधी व्होल्ट १०२ची मागची बाजू म्हणून आलं, मग चाललं तेव्हा स्टॅक्स १२७ म्हणून परत काढलं, त्यामुळे पहिलं प्रेसिंग, म्हणजे पहिल्यांदा छापलेली रेकॉर्ड, म्हणून जास्त पैसे मागितले तर नंबर बघूनच बोला. स्टॅक्स १९७५च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेलं, १९७७ला फँटसी या दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं, म्हणून लेबलवर फँटसीचं नाव किंवा त्यांचा बर्कलीचा पत्ता दिसला तर प्रेसिंग नंतरचं. ऐकायला ते चांगलंच असतं, फक्त जुन्याचा भाव देऊ नका.

आपल्याकडे भुसावळच्या जुन्या रेल्वे क्वार्टरांमधून निघालेल्या सामानात रेकॉर्डी मिळतात पण बहुतेक हिंदी सिनेमाच्याच, तरी भंगारवाल्याला सांगून ठेवा. मुंबईला गेलात तर चोर बाजारात मटन स्ट्रीटला जा. बाकी डिस्कॉग्स या रेकॉर्डी विकणाऱ्या वेबसाइटवरून मागवावं लागतं, तिथे कस्टम आणि पोस्टेज धरूनच हिशेब करा, आणि विकणाऱ्याकडून ट्यूबलाइटखाली तिरपा धरून काढलेला फोटो मागा, बारीक ओरखडे त्यातच दिसतात. कव्हरचा कोपरा कापलेला असला तर घाबरू नका, न खपलेला माल स्वस्तात काढताना तसं करायचे. ४५च्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे फिरणाऱ्या, छोट्या रेकॉर्डींना मध्ये मोठं भोक असतं, त्याला अडॅप्टर लागतो. त्यातल्या काही विनाइलच्या नसून स्टायरिन या दुसऱ्या प्लास्टिकच्या असतात, त्या दिसायला चकचकीत पण खराब सुईने आतून गेलेल्या असू शकतात, आणि त्यांना स्पिरिट अजिबात लावायचं नाही. आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८च्या लाखेच्या तबकड्यांनाही नाही.

आणि मुख्य म्हणजे आपलं ऊन. एका मे महिन्यात कुरिअरवाला भर दुपारी पार्सल ओट्यावर ठेवून गेला, मी संध्याकाळी उघडलं तर स्टॅक्सच्याच सॅम अँड डेव्ह या गायक जोडीची एलपी ताटासारखी वाकलेली, सुई प्रत्येक फेरीला वर-खाली जायची. खूप वाईट वाटलं. तेव्हापासून एप्रिल ते जून काहीच मागवत नाही. पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर रेकॉर्डी ठेवू नका, धाब्याचं घर असेल तर आतली थंड खोली सगळ्यात चांगली. आणि उभ्याच ठेवा, एकावर एक रचू नका. कूलरच्या झोतात तर नकोच, ओल लागून कव्हरवर बुरशी धरते.

धुवायला बोअरिंगचं पाणी वापरू नका, क्षाराचे पांढरे डाग खाचांमध्ये बसतात आणि गाणं करकरतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं, परत नुसत्या डिस्टिल्डने धुवून सावलीत उभी वाळवायची, आणि जुनं कागदी पाकीट फेकून न देता कव्हरमागे ठेवून रेकॉर्ड नव्या पाकिटात घालायची.