हातोडी न मारता मागच्या शॉकचा बुश घरी काढायचा तर

सीटला धरून सायकल मागून हळू उचला, चाक जमिनीवरून सुटायच्या आधीच कुठेतरी टक् होऊन हाताला किंचित ढिलं लागलं तर शॉकच्या आयलेटमधला (म्हणजे शॉकच्या टोकाच्या बोल्टच्या भोकातला) बुश, म्हणजे घर्षण कमी करणारी छोटी नळी, गेल्याची शंका घ्यायची. लगेच बुश मागवू नका पण. दुसऱ्या कुणाला तरी उचलायला लावा आणि आपण शॉक आणि फ्रेमच्या जोडावर बोट ठेवा, मग लिंकेजच्या, म्हणजे मागचा सांगाडा शॉकला जोडणाऱ्या सांध्यांच्या, बेरिंगवर ठेवा. खेळ जिथे असेल तिथे बोटाला बरोबर कळतो, आणि तो बेरिंगमध्ये असेल तर खालचं काही करून फायदा नाही.

आपलं नाशिक तसं सायकलवाल्यांचं, २०१५ ला महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हा तर गावभर चर्चा होती, पण इथे सगळा जोर रोडबाइकवर. फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे झटके झेलणारी सायकल, घेऊन चामरलेणी-रामशेजच्या डोंगरांकडे हिंडणारे मोजकेच, त्यामुळे दुकानात गेलं की शॉक पुण्या-मुंबईला पाठवू असं ऐकायची तयारी ठेवा. बुशसाठी एवढा खटाटोप कशाला भो, बेंच व्हाइस आणि गोटी पान्याचा सेट असला की घरी होतं.

आधी सायकल धुवून वाळवा, बोल्टच्या ॲलनच्या (षटकोनी) खाचेत काळी माती घट्ट बसलेली असते ती सुईने काढा, नाहीतर की अर्धीच आत जाते आणि खाच गोल होते. शॉक पंपाने प्रेशर बघून लिहून ठेवा. हवा सोडताना वाल्व्ह एकदम दाबून फुस्स करायचं नाही, थोडी सोडा, शॉक दोनचारदा दाबा, परत थोडी सोडा, कारण आतल्या निगेटिव्ह चेंबरमध्ये (शॉकला आत ओढणाऱ्या हवेच्या कप्प्यात) हवा अडकली तर शॉक दबलेलाच राहतो. आणि मोबाइलवर फोटो काढा, वाल्व्ह कुठल्या बाजूला, कुठला स्पेसर डावीकडे, सगळं. आता लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

बोल्ट सैल झाल्यावरही बाहेर सरकत नसेल तर मागच्या चाकाचं वजन त्याच्यावर आलेलं असतं, चाक थोडं वरखाली करत बोल्ट ओढा, एका ठिकाणी तो अलगद येतो. पलीकडे सुटा नट आहे की आटे फ्रेममध्येच आहेत ते आधी बघून घ्या. निळं लॉकटाइट (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावतात तो गोंद) असेल तर लांब दांड्याच्या ॲलन कीने सुटतं, गॅसची ज्योत अजिबात नको, शॉकमध्ये सील असतात, तेल असतं, बऱ्याच शॉकमध्ये दाबाखालचा नायट्रोजनही असतो. शॉक निघाला की मागचा सांगाडा खाली येऊन चाक फ्रेमवर आपटू शकतं, म्हणून आधीच जुन्या ट्यूबने बांधून ठेवा. ट्रनिअन प्रकारचा शॉक असेल तर वरच्या बाजूला बुशच नसतो, बोल्ट थेट शॉकच्या बॉडीत जातात, तिथे आटे जपायचे एवढंच. आयलेट असतं ते दुसऱ्या टोकाला.

आता हार्डवेअर, म्हणजे आयलेटमधली पिन आणि तिच्या बाजूचे स्पेसर. बाजूचे ॲल्युमिनियमचे स्पेसर बऱ्याचदा हातानेच फिरवत ओढले की येतात, आत ओ-रिंग असते ती हरवू नका. अडकला असेल तर व्हाइसच्या जबड्यांना ट्यूबचे तुकडे लावून फक्त स्पेसर धरा आणि शॉक हलकेच फिरवत ओढा. शॉकची बॉडी किंवा चकचकीत शाफ्ट व्हाइसमध्ये धरायचा विचारसुद्धा नको, शाफ्टवर एक ओरखडा आला की सील गेलंच समजा. मधली पिन दुसऱ्या बाजूने बोल्टने ढकलून निघते. फॉक्सच्या नव्या पाच तुकड्यांच्या हार्डवेअरमध्ये पिनेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे कॉलरवाले बुश असतात, ते कडेने जपून उचकटले की येतात, तिथे प्रेसची गरजच नाही.

खरं काम डीयू बुशचं, म्हणजे आतून टेफ्लॉन लावलेल्या धातूच्या बुशचं. आतलं भोक १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच, बाहेरून साधारण १५ मिमी, आणि आयलेटमध्ये घट्ट दाबून बसवलेला. तो ठोकून काढायचा नाही कारण वाकडा सरकला की स्टीलची कड ॲल्युमिनियमच्या आयलेटला खरवडते, आणि एकदा ते भोक मोठं झालं की नवा बुशसुद्धा ढिलाच बसणार. सरळ दाब पाहिजे. एक गोटी अशी शोधा जी बुशच्या कडेवर टेकेल पण आयलेटच्या भोकातून आरपार जाईल, १० नंबरची बहुतेकदा जमते, पण व्हर्निअर लावून बघाच. दुसरी मोठी, १७ किंवा १८ ची, जिच्या पोटात बुश मावेल आणि कड आयलेटवर टेकेल. छोटी गोटी, आयलेट, मोठी गोटी असं एका रेषेत व्हाइसमध्ये धरायचं, शॉकला खालून हाताचा आधार, आणि व्हाइस पाव-पाव फेरा आवळायची. आधी नुसतंच घट्ट होत जातं, मग कट् असा आवाज येतो आणि बुश सुटतो. कट् ऐवजी व्हाइस एकाच बाजूला जड लागायला लागली तर थांबा, सैल करून परत सरळ धरा. निघालेला बुश उजेडात बघा, आतला करडा थर टेफ्लॉनचा, एका बाजूने तो घासून तांबूस ब्राँझ दिसत असेल तर खेळ कुठून येत होता ते समजलं.

व्हाइस नसेल तर गोट्यांच्या भोकातून जाईल असा थ्रेडेड रॉड (आटे असलेली सळई), दोन नट, जाड वॉशर आणि त्याच गोट्या घेऊन दोन पान्यांनी आवळत जा, जरा वेळ लागतो पण दाब उलट जास्त सरळ येतो. सातपूर-अंबडला कुणी लेथवाला ओळखीचा असेल तर त्याच्याकडून पायरीचा ड्रिफ्ट, म्हणजे बुश ढकलायचा दांडा, करून घ्या, पुढचा भाग १२.६ आणि मागचा १४.५ मिमी. बसवताना तोच कामाला येतो.

नवं मागवताना अंदाज नको. शॉकचं टोक बसतं त्या फ्रेममधल्या खाचेची रुंदी आणि बोल्टचा व्यास मोजा, २२ बाय ८ असा साइज लिहिलेला असतो तो त्याच क्रमाने. वरचं आणि खालचं हार्डवेअर बऱ्याच फ्रेममध्ये वेगळं असतं, दोन्ही मोजा. बुश बदलल्यावर जुनी पिन परत घालायच्या आधी तिच्यावरून नख फिरवा, खाच लागली तर पिनही नवीच घ्या, नाहीतर ती नव्या बुशचा थर खाऊन टाकते. आयलेट आतून कापडाने पुसा, बुश बाहेरून नावाला ग्रीस लावून त्याच गोट्यांनी आत दाबा, सुरुवातीला तिरका जातोय असं वाटलं तर लगेच काढून परत लावा.

शॉक बसवल्यावर हवा भरायच्या आधी मागचं चाक पूर्ण वरपर्यंत दाबून बघा, कुठे काही घासतंय का, अडतंय का. मग फ्रेमवाल्याने दिलेल्या टॉर्कवर (आवळायच्या जोरावर) बोल्ट आवळा आणि लिहून ठेवलेलं प्रेशर भरा, अर्धं झालं की शॉक दोनचारदा दाबून मग उरलेलं.