आज्जीचा तांब्या, 48 फोटो

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एका गावात मी चित्रकला शिकवते. सातवी-आठवीची मुलं शाळेत मोबाइलवर ॲनिमेशन करतात: बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, असे फोटो भराभर दाखवले की ती हलताना दिसते. आपली संस्कृती दाखवा म्हटलं की पहिल्या दिवशी फेटे, तलवारी नि नथी येतात. वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगावचे चित्ररथ बघत वाढलेली पोरं, त्यांना तेच सुचणार. ती चित्रं मी जपून ठेवते आणि गृहपाठ देते: घरी पाहुणा आला की कोण काय करतं, ते बघून या. हातांकडं बघा.

एक मुलगी बघून आली. आज्जी गुळाचा खडा नि पाणी आणते, आणि तांब्या देताना डावा हात उजव्या कोपराला लावते. तो कोपराला लावलेला हात मला शंभर फेट्यांपेक्षा मोलाचा वाटला. पण फिल्ममध्ये मुलांनी ते सगळं एका सेकंदात उरकलं. तांब्या पाहुण्याच्या अंगावर टाकल्यासारखा दिसला! मग आज्जीच्या घरी जाऊन स्टॉपवॉच लावलं. वाकण्यापासून सरळ होईपर्यंत चार सेकंद. सेकंदाला 12 फोटो धरले की 48 झाले. त्यातले आठ-दहा फोटो आज्जीला अजिबात न हलवता काढा, पाहुण्याची पकड बसेपर्यंत. आदर त्या थांबण्यात दिसतो.

खानापूरच्या कुंभारांची माती घर, चूल, अंगणासाठी उत्तम. बाहुल्या मात्र तिच्या करू नका, वाळून तडकतात. त्या न वाळणाऱ्या रंगीत क्लेच्या करा, आत तार घाला, म्हणजे कोपर वाकतो. मोबाइल स्टुलाला घट्ट बांधा, फोकस नि उजेड लॉक करा, खिडक्या झाकून दिव्यावर काम करा. उन्हाच्या सावल्या सरकतात नि चित्र लुकलुकतं.

रोप लावणीच्या दृश्यात मुलांनी सगळ्या बायकांना इरली (पावसात डोक्यावर घ्यायची पानांची आच्छादनं) दिली होती. शेतात नेऊन दाखवलं, तिथं बहुतेकींच्या डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. जे आहे तेच काढायला लावलं.

भाषेबद्दल माझा हट्ट आहे. शेजारच्या कन्नड काकू दारात "बर्री, बर्री" (या, या) म्हणतात, मुलांनी त्यांच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली होती. मी ती काढायला लावली. काकूंचाच आवाज घेतला, खाली मराठी ओळ दिली. मुलांचं "काय करालास?" (काय करतोयस?) सुद्धा तसंच ठेवा. ते कुणी शुद्ध करायला सांगितलं तर ऐकू नका, आमच्या घरात असंच बोलतात.

आणि फिल्म पुरी झाली तरी मांडलेला सेट लगेच मोडू नका. जिच्या घरचं दाखवलंय तिला आधी दाखवा. आमच्या आज्जीनं चष्मा लावून दोनदा बघितलं आणि म्हणाली, "गूळ आधी गं, पाणी मागनं." दुसऱ्या दिवशी 48 फोटो परत काढले.