नकाशा काढण्यापूर्वी विहिरीत उतरावे

वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला जाऊ इच्छिणारी साताऱ्याकडची मुले भेटतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा चित्रकलेचा असतो. चित्र बेताचेच येते, मग जमेल का? जमेल, कारण हात सरावाने वळतो. इमारत माणसाला कशी जाणवते हे ओळखण्याची सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते. मला ती उशिरा लागली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

दुसऱ्या वर्षी आम्हाला गावातील वाचनालयाचा आराखडा करायचा होता. जागा वाचवण्यासाठी मी जिन्याच्या पायरीची उंची 180 मिलिमीटर आणि रुंदी 250 मिलिमीटर धरली. दोन उंची आणि एक रुंदी यांची बेरीज साधारण 600 ते 630 यांच्या दरम्यान यावी, असा प्रचलित ठोकताळा आहे. माझी बेरीज 610 होती, त्यामुळे मी निश्चिंत होतो. परीक्षक सरांनी जिन्यावर बोट ठेवून एवढेच विचारले, की रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे आजोबा इथे कितव्या पायरीवर थांबतील? माझ्याकडे उत्तर नव्हते. सूत्रात बसणारा जिना गुडघ्यांना मानवेलच असे नाही, हे तोपर्यंत माझ्या लक्षातच आले नव्हते.

त्या सुट्टीत मी साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर पाहायला गेलो. लहानपणी ती सहलीत पाहिलेली होती, पण या वेळी वही आणि टेप सोबत होती. नाव बारामोटेची असले तरी एका वेळी पंधरा मोटा, म्हणजे बैलांनी ओढून पाणी उपसायच्या कातडी पिशव्या, चालाव्यात अशी सोय तिथे आहे. विहीर सुमारे 110 फूट खोल असून मुख्य भाग अष्टकोनी आहे. मराठेशाहीतील ते घडीव दगडाचे काम पाहताना प्रथम नजर कोरीवकामाकडेच जाते. मी मात्र त्या दिवशी पायऱ्यांवरून पुन:पुन्हा चढउतार केली. उतरू लागले की दोन्ही बाजूंच्या भिंती हळूहळू डोक्याच्या वर जातात, आकाश पट्टीएवढे उरते, हवा गार लागते, आपलाच आवाज जवळून ऐकू येतो. कमानीखालून पुढे गेल्यावर विहिरीचा उजेड एकदम अंगावर येतो. ती जागा मोठी भासते त्याचे अर्धे श्रेय आधीच्या अरुंद, अंधाऱ्या वाटेला आहे. नकाशावर यातले काहीच दिसत नाही. तिथे फक्त रेषा असतात. डोळा, पाऊल, कान आणि त्वचा मिळून जागा वाचतात, तीही चालता चालता, आधीच्या जागेशी तुलना करत, हे मला तिथे उमगले.

पुस्तकातील तत्त्वे त्यानंतर सोपी वाटू लागली. मजबुती, उपयुक्तता आणि सौंदर्य ही रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने सांगितलेली त्रयी पहिल्याच सत्रात पाठ करवून घेतात. ती समजून घ्यायची तर वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळामागे जाऊन उभे राहावे. हे देऊळ 1762 साली रास्त्यांनी बांधले. कृष्णेच्या पुराचे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून मागची भिंत निमुळती, माशासारखी केली आहे. नदीसाठी दिलेला तो आकारच आपल्याला देखणा वाटतो. मजबुती कुठे संपते आणि सौंदर्य कुठे सुरू होते, हे तिथे वेगळे काढून दाखवता येत नाही.

लय आणि प्रमाण यांसाठी जुना वाडा पुरेसा आहे. समान अंतरावरचे खांब आपण मोजत बसत नाही, नजर त्यांची एकच ओळ करते; मधला खण, म्हणजे दोन खांबांमधली जागा, थोडा रुंद केला की पाय आपोआप तिकडे वळतात. वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात चौकातून ओसरीवर आणि ओसरीवरून माजघरात जाताना उजेड टप्प्याटप्प्याने कमी होतो, आणि आपण घराच्या किती आत आलो हे कोणी सांगावे लागत नाही.

नव्याने येणाऱ्यांनी प्रवेशपरीक्षेची तयारी अवश्य करावी; पदवीनंतर 1972 च्या वास्तुविशारद कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे (काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर) नोंदणी झाल्याशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मात्र त्याच्या जोडीला मापांची एक वही आजच सुरू करावी. आपल्या घराचा उंबरठा, ओटा, खिडकीचा कट्टा, एसटी स्टँडवरचा बाक मोजावा, आणि प्रत्येक मापासमोर तिथे बसताना किंवा चालताना काय जाणवले, ते एका ओळीत लिहावे.

सुट्टीनंतर मी वाचनालयाचा जिना पुन्हा काढला. मजल्याची उंची 3.6 मीटर होती, त्यामुळे आधी 20 उंच्या होत्या, त्या 150 मिलिमीटरच्या 24 झाल्या आणि पुस्तकांची दोन कपाटे कमी करावी लागली. बाराव्या पायरीनंतर मी रुंद टप्पा दिला, त्याला पूर्वेची खिडकी ठेवली आणि खिडकीखाली आजोबांना टेकता येईल एवढा दगडी कट्टा.