काळ्या मातीचं ॲसिड डायजेशन: आदल्या दिवशीची तयारी

इंदूरजवळच्या राऊ-सांवेरकडची काळी माती आम्लात विरघळवायला घेण्याआधी एवढं ठरवा: बाहेरून आलेलं शिसं-जस्त शोधायचंय, की मातीत आहे नाही तेवढं सगळं मोजायचंय? ही माती बेसाल्टची, म्हणजे सिलिकेटांची. नायट्रिक आम्ल काय किंवा ॲक्वा रेजिया (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिकचं मिश्रण) काय, सिलिकेटचा सांगाडा फोडत नाही. तळाशी गाळ उरतोच, आणि क्रोमियमचा बराच भाग त्यातच अडकून राहतो. प्रदूषण तपासायला तेवढं पुरतं. संपूर्ण आकडा हवा असेल तर हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, आणि ते काचही खातं. टेफ्लॉनची भांडी, हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि शेजारी जाणकार माणूस नसेल, तर त्या वाटेला जाऊच नका. सौम्य हायड्रोफ्लोरिकने भाजलेलं सुरुवातीला दुखतही नाही, तोवर फ्लोराइड आत उतरलेलं असतं. याबाबतीत मी हट्टी आहे.

माती सावलीत वाळवा. काळी माती ओल धरून बसते, म्हणून थोडी वेगळी काढून १०५ अंशांवर वाळवा आणि ओलावा नोंदवा. ढेकळं अ‍ॅगेटच्या (कठीण दगडाच्या) खलात फोडा. चाळणी नायलॉनची हवी. पितळेची घेतलीत तर तांबं-जस्त तिच्यातूनच येईल. काचसामान रात्रभर १० टक्के नायट्रिकमध्ये बुडवून ठेवा.

सकाळी ०.५ ग्रॅम तोला. या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात, त्यामुळे नायट्रिक थेंब-थेंब घाला, नाहीतर फेसाबरोबर नमुना बीकरबाहेर येईल. फसफसणं थांबलं की एकूण १० मिली करा, वॉच ग्लास ठेवा आणि फ्यूम हूडमध्ये (धूर ओढून घेणाऱ्या कपाटात) ९५ अंशांवर तापवा. तपकिरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. सेंद्रिय पदार्थ अजून ऑक्सिडाइझ होताहेत. तो विरला की बीकर निववून मगच हायड्रोजन पेरॉक्साइड घाला, तेही थोडं थोडं. कोरडं पडू देऊ नका. पर्क्लोरिक आम्ल या कामात नकोच, सेंद्रिय पदार्थाशी गाठ पडली तर स्फोट होतो.

ॲक्वा रेजिया वापरणार असाल तर तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, लागेल तेवढंच आणि ताजं. बाटलीत झाकण लावून ठेवायचं नाही. क्लोरीन साठून बाटली फुटते. आयसीपी-एमएसवर (आर्गनच्या प्लाझ्मात नमुना तापवून मूलद्रव्यं वस्तुमानावरून मोजणाऱ्या यंत्रावर) आर्सेनिक मोजायचं असेल तर क्लोराइड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, टाळा, कारण आर्सेनिकसारखंच आर्गन क्लोराइडही ७५ वस्तुमानावरच दिसतं.

प्रत्येक खेपेत एक ब्लँक (माती न घालता तीच सगळी कृती), एक दुबार नमुना, एक प्रमाणित संदर्भ माती (जिच्यातलं धातूंचं प्रमाण आधीच माहीत आहे). गाळून ५० मिली करा. मग द्रावणात लिटरमागे १ मिलिग्रॅम म्हणजे मातीत किलोमागे १०० मिलिग्रॅम. ब्लँकमध्ये जस्त दिसलं तर आधी हातमोजे बघा, पावडरवाल्या मोज्यांतून ते येतं.