जिभेखालची गोळी ‘लागत नाही’? या चुका टाळा

“सर, ही गोळी मला लागतच नाही बघा.” व्यसनमुक्तीच्या ओपीडीत समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचा तोंड उघडायच्या आधीच कळतं. बीडकडचा ऊसतोड कामगार असो नाहीतर संभाजीनगरातला रिक्षावाला, तक्रार तीच. बहुतेक वेळा गोळी ठीक असते. चुकते ती घ्यायची वेळ किंवा पद्धत.

ही गोळी म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. ब्राऊन शुगर, कोडीनचं कफ सिरप, ट्रॅमाडॉल अशा अफूच्या जातीतल्या नशेतून बाहेर काढण्यासाठी ती देतात. मेंदूत या नशेचे ठरलेले पाट मांडलेले असतात, त्यांना म्यू रिसेप्टर म्हणतात. ब्राऊन शुगर त्यावर बसते आणि ताटभर जेवते. ब्युप्रेनॉर्फिन हा पाहुणा जबरा: आधी बसलेल्याला उठवून स्वतः मांडी घालतो, लवकर उठत नाही, पण जेवतो अर्धंच. त्यामुळे तलफ शमते आणि झिंग येत नाही. झिंग येत नाही म्हणून कुणी मनानेच दुसरी, तिसरी गोळी घेतं. तिचा परिणाम एका मर्यादेपलीकडे फारसा वाढत नाही, हा तिचा गुणच आहे.

पहिली मोठी चूक घाईची. एक पोरगा सकाळी सिरपची बाटली रिकामी करून दुपारी आला आणि “कालपासून काहीच घेतलं नाही” म्हणाला. गोळी दिली. तासाभरात घाम, उलट्या, हगवण, अंगावर काटा, पायात गोळे. पाटावर सिरप बसलेलं होतं, ते एकदम उठवलं गेलं. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो. अफू त्याला दाबून ठेवते. दाब सुटला की तो उसळतो आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन भसाभसा सोडतो. धडधड, घाम, बेचैनी त्यातूनच येते. म्हणून शेवटची नशा घेतल्यावर साधारण 12 ते 24 तास थांबावं लागतं, मेथाडोन या उपचारातल्याच दुसऱ्या औषधावरून येणाऱ्याला त्याहून जास्त. जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, मोठ्या झालेल्या बाहुल्या दिसल्या की मगच पहिली गोळी. खोटं बोलून डॉक्टर फसत असेल, मेंदू फसत नाही.

दुसरी चूक गिळण्याची. जिभेखाली ठेवली तर औषधाचा साधारण तिसरा हिस्सा रक्तात जातो. गिळली तर यकृतच त्यातलं बरंचसं मोडून टाकतं. आपल्याकडे यात गुटख्याची भर. गालात बार, जिभेखाली गोळी, आणि दोन मिनिटांत पिचकारी! औषध भिंतीवर गेलं, मग लागणार कसं? आधी पाण्याने तोंड ओलं करा. गोळी पूर्ण विरघळेपर्यंत, म्हणजे पाच-दहा मिनिटं, चहा नाही, गप्पा नाहीत. विरघळली की पाण्याची चूळ भरून ते पाणी प्या आणि तासभर ब्रश करू नका. या औषधाने दात किडल्याच्या तक्रारी आहेत.

आता जिवावरची चूक. गोळी चालू असताना रात्री दारूचा पेग, नाहीतर ‘बटन’ म्हणून खपणारी झोपेची गोळी. श्वास चालवणारं केंद्र मेंदूच्या देठातच असतं. ब्युप्रेनॉर्फिन एकटं असेल तर मोठ्या माणसाचा श्वास एका मर्यादेपर्यंतच मंद करतं. दारू किंवा बटन सोबत आलं की ती मर्यादा राहत नाही. मेथाडोनला तर अशी मर्यादाच नाही. ते अंगात साचत जातं, म्हणून सुरुवातीचे दोन आठवडे सगळ्यात नाजूक. बटनची सवय असेल तर डॉक्टरांना सांगा, पण ते एका दिवसात तोडू नका, झटके येऊ शकतात.

घरच्यांची चूक इथंच होते. “घोरतोय, झोपू द्या.” घरघर असेल, ओठ निळसर असतील, हलवूनही जाग येत नसेल तर ती झोप नव्हे. कुशीवर वळवा, 108 लावा. दवाखान्यात नॅलॉक्सोन, म्हणजे अफूच्या नशेवरचा उतारा, देतात. त्याचा असर तास-दीड तासात ओसरू शकतो आणि आतली नशा उरलेली असते, म्हणून डोळे उघडले म्हणून लगेच घरी आणू नका.

“एक नशा सोडून दुसरी धरली” हे पाहुण्यांचं बोलणं ऐकून महिन्याभरात गोळी बंद करणारे पुष्कळ. औषध सुटलं की शरीराची सहनशक्ती उतरते, तलफ मात्र शाबूत असते. मग जुन्याच मापाने घेतलेला नशेचा डोस जीव घेतो. कधी आणि कसं कमी करायचं ते डॉक्टरांसोबत ठरवा.

या औषधाने बद्धकोष्ठ होतं आणि त्याची सवय शरीराला सहसा होत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात “भरपूर पाणी प्या” सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं, तरी सांगतो. टीबीचं औषध सुरू झालं तर तेही कळवा: रिफॅम्पिसिनमुळे मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्ही अंगातून लवकर निघून जातात आणि विड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्यासारखा त्रास, सुरू होतो. ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगा.

तोडीला जाणाऱ्यांनी उचल घेण्याआधीच ओपीडी गाठावी. तिकडे गोळी कुठून मिळेल, घरी किती दिवसांची देता येईल, हे निघताना ट्रॅक्टरवर बसून ठरत नाही. जवळचं केंद्र माहीत नसेल तर 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा. आणि कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, गोळ्या उशाखाली नको, पत्र्याच्या पेटीत, कुलूप लावून. मोठ्यांचा श्वास सांभाळणारी ती मर्यादा लेकरांना वाचवत नाही. पोराने एक जरी गोळी तोंडात घातली तर ते हसत-खेळत असलं तरी थेट दवाखाना.